मंत्रीमहोदय, आमचं उपकेंद्र पावसाळ्यात उघडत नाही

मा. मंत्रीमहोदय,
सा.न.वि.वि.

परवा निंदणीत बायकोला विंचू चावला. उपकेंद्रात नेलं तर भिंत खचून चौकट तिरपी झालेली, औषधांच्या खोलीचं दार रुतून बसलेलं. सिस्टरने खांदा लावला, मी लाथा घातल्या, शेवटी सब्बल आणली. तोवर बाई घामाने निथळून गार पडलेली. वाचली. त्या रात्री तिच्या उशाशी बसून मी तुम्हाला जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

भूमिपूजनाला तुम्हीच म्हणालात, इंजिनिअर, गवंडी, सिस्टर, आशाताई सगळ्यांना सोबत बसवून नकाशा ठरवू. टाळ्या आम्हीच वाजवल्या. मग नकाशा वरून आला, ठेकेदार बाहेरून. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, हे इथलं शाळकरी पोट्टंही सांगेल. अशा जमिनीसाठी बुडाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने कधीचेच काढून ठेवलेत. पण माती तपासणारा एका टेबलावर, नकाशावाला दुसऱ्या, बिल काढणारा तिसऱ्या. चालतं फक्त तिसरं.

मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि बाळंतिणीच्या खोलीची खिडकी थेट पश्चिमेला, वर छज्जा नाही. सिस्टर बिचारी ओलं लुगडं बांधते. तिला एकदा विचारलं असतं, तर खिडकी कुठे हवी ते तिने फुकटात सांगितलं असतं. खर्च म्हणे वीस लाख. कोणी पस्तीस सांगतं. फलकावरचा आकडा पहिल्याच पावसात धुतला गेला, सोयीचंच झालं.

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात. माती, बांबू, कवेलूच्या त्या कुटीत तुमची मंडळी 2 ऑक्टोबरला गारव्याला बसून फोटो काढतात. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने तर कुंभाराने घडवलेल्या शंकूसारख्या कवेलूंची छपरं करून दाखवली. गावचा कुंभार मात्र तुमच्या दरसूचीत बसत नाही!

सगळंच असं. रस्तावाले गेले की पाइपवाले तोच रस्ता फोडतात, नळाला पाणी नाहीच. कापसाच्या भावाचं विचारलं की दिल्लीकडे बोट, विजेचं विचारलं की कंपनीकडे. मतं मागायला तेवढी सगळी खाती एका गाडीत बसून येतात.

15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. नकाशा ज्याने काढला त्यालाच पाठवा, शिपायाच्या हाती पत्र नको. गवंडी, कुंभार, सिस्टर हजर राहतील. चहा आमच्याकडून.

एक कास्तकार,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा