कुंडीत बोट घालून बघणाऱ्या काकूंना

सप्रेम नमस्कार काकू,

पत्र तुमच्या दाराखालून सरकवायचं सोडून असं चारचौघांत का लिहितोय, असं तुम्ही विचारणारच. समोर येऊन आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा "चल, काहीतरीच तुझं" म्हणून तुम्ही उडवून लावलंत. दुसऱ्यांदा माझं वाक्य अर्धं झालं तोच तुमचं लक्ष कुंडीखालच्या ताटलीकडे गेलं आणि त्यात पाणी साचलंय म्हणून बोलणी मात्र मी खाल्ली. त्यामुळे आता लिहूनच. शिवाय असलं झाड कोपऱ्यात करपत ठेवून हळहळणारे माझ्यासारखे आणखीही असतील, त्यांच्या कानावर चार गोष्टी पडल्या तर पडू देत.

मैत्रिणीनं घर बदलताना ते झाड माझ्याकडे सोपवलं, तेव्हा कुंडीवर 'कॅलॅथिया' एवढंच लिहिलेलं होतं. कॅलॅथियातल्या ज्या जातीला 'पिकॉक प्लँट' म्हणतात, ती ही. पान फिकट पोपटी, जवळजवळ आरपार दिसेल इतकं पातळ. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना गडद हिरवे लंबगोल, एक मोठा, एक लहान, पुन्हा मोठा. पानावरच कुणी बारक्या कुंचल्यानं दुसरी छोटी पानं काढावीत तसं. पान उलटं केलं की तीच नक्षी जांभळ्या रंगात. पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. पुढच्या दोन महिन्यांत मी त्याचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण इथे कबूल करायला हवं.

झाड म्हणजे ऊन, या हिशेबानं ते थेट खिडकीत ठेवलं. आठवड्यात नक्षी फिकी पडली. मग घाबरून रोज पाणी. खालची पानं पिवळी झाली तेव्हा पाणी एकदम बंद. पानं सुरळी करून बसली. कडा तपकिरी झाल्या म्हणून दिवसातून चार वेळा फवारा मारला, तरी कुरकुरीतपणा वाढतच गेला. मग खत घातलं, आणि नुसतं नाही, दुप्पट. त्याच आठवड्यात कुंडीही बदलली. माझ्या त्या काळज्यांतून एखादं दणकट झाडही वाचलं नसतं.

तुम्ही वर आलात ते शिडी परत द्यायला. झाड दिसलं तशी शिडी भिंतीला टेकवलीत आणि एक शब्द न बोलता मातीत बोट घातलंत, दुसऱ्या पेरापर्यंत. विचारलंत, "पाणी किती दिवसांनी घालतोस?" मी म्हणालो, "एक दिवसाआड." ते खोटं होतं काकू. त्या आठवड्यात मी पुन्हा रोज घालत होतो. तुम्हाला ते बोटाला लागलेल्या चिखलावरून कळलं असणारच, पण तुम्ही काही बोलला नाहीत. आज आभार मानतोय त्यात हेही आलं.

मग तुम्ही एक पान तळहातावर घेतलंत, तान्ह्या बाळाची मान धरावी तसं, आणि मोबाइलचा टॉर्च खालून लावलात. पांढरा कागदी रुमाल पानाच्या मागून ओढलात. त्यावर लालसर तपकिरी रेघ उठली. "हे बघ, लाल कोळी." मी दोन महिने त्या झाडाला वरून बघत होतो. पान उलटून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. देठाच्या बेचक्यात ते जाळं होतं, इतकं बारीक की धूळच वाटावी. कोरड्या हवेत ही कीड फोफावते, आणि माझी खोली तर दिवसभर एसीच्या झोताखाली.

त्यानंतरचा तास मला जसाच्या तसा आठवतो. कोमट पाणी, त्यात थोडं कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब. एक हात पानाखाली, दुसऱ्या हातात ओलं फडकं, देठाकडून टोकाकडे एकच ओढ. घासायचं नाही. तुम्ही तीन पानं पुसून दाखवलीत आणि बाकीची माझ्याकडून करून घेतलीत. दर चार-पाच दिवसांनी पुन्हा करायला सांगितलंत, कारण आज कोळी मरतात, अंडी राहतात. तिसऱ्या वेळी मी कंटाळा केला असता. त्या दिवशी जिन्यात तुम्ही विचारलंत म्हणून केलं.

पाण्याची गोष्ट मला सगळ्यात उशिरा पटली. मी नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचो आणि त्याचा मला अभिमान होता. तुम्ही म्हणालात, त्यानं क्लोरीन उडेल, फ्लोराइड आणि क्षार कुठे जाणार? ते पाण्याबरोबर मुळांतून वर चढतात, पानाच्या कडेपर्यंत पोचतात, तिथून पाण्याची वाफ होते आणि क्षार मागेच साचतात. म्हणून करपायला सुरुवात होते ती टोकापासून. खताचेही तेच. मी आजारी झाडाला आधीच साचलेल्यावर आणखी भर घालत होतो. तुम्ही तुमचा पावसाच्या पाण्याचा कॅन आणून दिलात आणि कुंडीतून ते पाणी भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत ओतायला लावलंत, साचलेलं धुऊन निघावं म्हणून. आता पावसाचं पाणी संपलं की आरओचं घालतो. वरची माती एक पेरभर सुकली की पोटभर घालायचं, ताटलीतलं ओतून द्यायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही.

फवाऱ्याबद्दल तुमचं म्हणणं होतं की तो झाडासाठी कमी आणि माझ्या समाधानासाठी जास्त असतो, थोड्या वेळात ओलावा उडून जातो. खरं निघालं. साधं आर्द्रतामापक आणलं तेव्हा खोलीत 35 टक्के दिसत होते, या झाडाला साठाच्या वर हवी. एसीच्या वाटेतून ते हलवलं, बाकीच्या कुंड्या जवळ आणल्या, शेवटी एक ह्युमिडिफायर घेतला. खडे आणि पाणी भरलेली ताटलीही मी ठेवली आहे. तिला तुम्ही 'शोभेची' म्हणता. असू दे, दिसते छान.

खिडकीपासून हातभर आत, पातळ पडद्यामागे ते आता उभं आहे. ब्राझीलच्या पूर्वेकडच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ही जात, तिला मी भर उन्हात उभं केलं होतं. नावाचंही तुम्हीच सांगितलंत: वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये कॅलॅथियातल्या बहुतेक जाती गोएपर्टिया या प्रजातीत हलवल्या, त्यामुळे आपलं झाड कागदोपत्री गोएपर्टिया मकोयाना. मला ते नाव अजून जिभेवर बसत नाही.

रात्री पानं हात जोडल्यासारखी उभी राहतात हे मी तुम्हाला घाबरून सांगितलं होतं, मरतंय की काय म्हणून. तुम्ही हसला नाहीत. पातं देठाला मिळतं तिथला फुगीर सांधा दाखवलात. त्याच्या एका बाजूच्या पेशी पाण्यानं फुगतात, दुसऱ्या बाजूच्या सैल होतात आणि अख्खं पान उचललं जातं. मग 1729 मधली गोष्ट सांगितलीत, फ्रान्समधल्या द मेराँ या शास्त्रज्ञांनी लाजाळूचं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. तुम्ही विज्ञान शिकवायचात हे मला त्या दिवशी कळलं. त्याच रात्री मी झाड कपाटात ठेवलं. सकाळी दार किलकिलं केलं तर आतल्या काळोखात पानं आडवी, पसरलेली. मी आनंदानं खाली धावत आलो आणि "आजारी झाडावर कसले प्रयोग करतोस!" हे ऐकून परत वर गेलो.

एका वाक्यासाठी मात्र तुमचे वेगळे आभार. मी रोज सकाळी तपकिरी कडा तपासायचो, कालच्यापेक्षा बऱ्या दिसतात का म्हणून. तुम्ही म्हणालात, "करपलेलं पान परत हिरवं होत नसतं रे. त्याच्याकडे बघून काही ठरवू नकोस. नवी सुरळी कशी येते ते बघ." आणि कात्री माझ्या हातात दिलीत. पानाच्या मूळ आकारानं फक्त वाळलेलं कापायचं, तपकिरी रंगाची बारीक रेघ शिल्लक ठेवायची, हिरव्याला कात्री लागू द्यायची नाही. एक पान मी जरा आत कापलं, त्याची कड पुन्हा वाळली. ते पान मी मुद्दाम ठेवलंय.

पहिली सुरळी आली सात आठवड्यांनी. पेन्सिलीएवढी, घट्ट गुंडाळलेली, बाहेरून जांभळी. उलगडली तर टोकाशी एक डाग होता आणि मी हिरमुसलो. दुसरी स्वच्छ निघाली. काल मोजली, एकूण नऊ पानं आहेत आणि दहावं अर्धं उघडलंय. तुमच्या मांजरीनं परवा त्यातलं एक चावलं. काळजी करू नका, हे झाड मांजरांना विषारी नाही, मी लगेच बघून घेतलं. माझ्या पानाचं मात्र तिनं वाटोळं केलं.

कुंडी भरली की गड्डे वेगळे करून एक रोप तुम्हाला द्यायचं ठरवलंय. पान खोचून हे झाड लागत नाही हेही तुमच्याकडूनच शिकलो, नाहीतर एक पान मी ग्लासात ठेवलंच होतं. नको म्हणू नका. तुमचा कॅन अजून माझ्याकडेच आहे. धुऊन दाराशी ठेवलाय, पुढच्या पावसात भरून आणून देतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा, 'एक दिवसाआड' पाणी घालणारा