बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

सप्रेम शालोम.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "आई-बाप हयात असताना ही मुले तुमच्या त्या वसतिगृहात का राहतात?" मी घाईत काहीतरी सांगितले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र उमगले की बाबांच्या मनात दोन प्रश्न होते. एक माझ्या कामाविषयीचा होता आणि दुसरा, मी अकरा वर्षांची असताना तुम्ही मला शिकायला घराबाहेर ठेवलेत त्याविषयीचा. दोन्हींची उत्तरे आज सवडीने लिहिते. आईने हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे बाबांच्या डोळ्यांना ताण पडणार नाही.

इथे इस्राएलमध्ये मी जिथे काम करते त्या ठिकाणाला हिब्रूत 'कफार नोआर' म्हणतात, म्हणजे तरुण मुलांचे गाव, युवाग्राम, आणि माझ्या कामाचे नाव आहे 'एम बायित', घराची आई. वसतिगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक लांबलचक खोली आणि ओळीने मांडलेल्या खाटा येतात. इथे खरोखरच गाव आहे. शाळा, भोजनगृह, दवाखाना, गोठा, फळबाग असे सगळे एकाच आवारात आहे, आणि शिक्षकांपैकी व 'मदरिख' म्हणजे मुलांच्या मार्गदर्शकांपैकी बरेच जण आपल्या कुटुंबासह इथेच राहतात. त्यामुळे सकाळी वर्गात गणित शिकवणारे गृहस्थ संध्याकाळी तान्हे बाळ खांद्यावर टाकून फेऱ्या मारताना मुलांना दिसतात. ज्या मुलांनी घरात केवळ ओढाताण पाहिली आहे, त्यांच्यासाठी हे दृश्य एखाद्या धड्याहून मोठे असते असे मला वाटते. माझ्याकडे चोवीस मुले आहेत, वय चौदा ते अठरा. काही इथिओपियातून कुटुंबासह आलेल्यांची मुले आहेत. काही जुन्या सोव्हिएत संघातल्या देशांतून एकटी आली आहेत. १९९२ पासून 'नाअले' नावाची योजना आहे, तिच्यात आई-वडील मागे राहतात आणि मूल आधी येऊन इथे शाळा पुरी करते. आणि काही इथेच जन्मलेली आहेत, ज्यांचे घर आजारपणाने, कर्जाने किंवा व्यसनाने मोडकळीस आले आहे. ज्यांचे घर या देशात आहे ती मुले ठरावीक शनिवारी घरी जाऊन येतात. चादरी, ताप, तुटलेली बटणे आणि रात्रीच्या जेवणाला कोण आले नाही, याकडे लक्ष ठेवणे हे माझे काम.

आता बाबांचा प्रश्न. मुलांना अशा गावांत आणण्याच्या चळवळीची सुरुवातच आई-बाप हयात असताना मुलांना दूर ठेवण्यापासून झाली आहे. १९३२ साली बर्लिनमध्ये, केवळ ज्यू म्हणून कामावरून काढून टाकलेली पाच मुले एका रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, पत्नीकडे सल्ला मागायला आली. तिचे आडनाव फ्रायर, आणि नाव हिब्रूत जवळजवळ 'रेखा' असेच उच्चारले जाते. या मुलांना जर्मनीत भवितव्य उरलेले नाही, त्यांना पॅलेस्टाईनला पाठवून शेती शिकवावी, असे तिच्या मनाने घेतले. तेव्हा हा विचार अनेक जाणत्यांना वेडेपणाचा वाटला, तरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिली छोटी तुकडी बेन शेमेनच्या युवाग्रामात जाण्यासाठी आगगाडीत बसली. ते गाव सिगफ्रीड लेहमान नावाच्या डॉक्टरांनी १९२७ मध्ये वसवले होते. फ्रायरबाईंच्या संस्थेची, म्हणजे 'यूथ आलिया'ची नोंदणी झाली ३० जानेवारी १९३३ रोजी. हिटलर चॅन्सेलर झाला तोच दिवस. महायुद्ध सुरू होण्यापूर्वी सुमारे ५,००० मुले अशी बाहेर पडली. त्यांना निरोप द्यायला फलाटावर आलेल्या आई-वडिलांपैकी पुष्कळांची मुलांशी पुन्हा भेट झालीच नाही. आपल्या हाताने मुलाची पेटी गाडीत चढवणाऱ्या त्या माणसांविषयी मी जेव्हा जेव्हा विचार करते, तेव्हा मूल दूर पाठवणे म्हणजे मूल टाकणे असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

इकडे पॅलेस्टाईनमध्ये या मुलांना उतरवून घेण्याची जबाबदारी हेन्रिएटा झोल्ड नावाच्या समाजसेविकेवर आली, तेव्हा त्या ७२ वर्षांच्या होत्या. स्वतःचे मूलबाळ नव्हते. त्या वयातही तुकड्या येत तेव्हा त्या मुलांना भेटायला जात आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची बारीकसारीक चौकशी करीत. त्या १९४५ मध्ये गेल्या, हिब्रू पंचांगातल्या शवात महिन्याच्या तिसाव्या दिवशी, आणि इस्राएलमध्ये आज त्याच तिथीला कुटुंब दिवस पाळतात. आमच्या मुलांना मी दर वर्षी ही गोष्ट सांगते.

पण बाबा, याच इतिहासात एक मोठी चूकही आहे आणि ती झाकून तुम्हाला उत्तर देणे मला पटणार नाही. इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर अरब देशांतून आणि पुढे इथिओपियातून कुटुंबेच्या कुटुंबे आली. त्यांची मुलेही मोठ्या संख्येने युवाग्रामांत गेली. मात्र जे जर्मनीत निरुपायाने घडले होते, तेच इथे पद्धत म्हणून वापरले गेले. आई-वडिलांचे जुने वळण सुटले तरच मूल नव्या देशात रुजेल, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती. मे १९९१ मध्ये सुमारे ३६ तासांत १४,००० हून अधिक माणसे विमानांनी इथिओपियातून आणली गेली. त्यांच्यातली बहुतेक किशोरवयीन मुले निवासी शाळांत गेली आणि आई-वडील स्वागत-वसाहतींत राहिले. मुले भराभर हिब्रू शिकली, अनेकांना नवी हिब्रू नावे मिळाली, आणि बघता बघता घरातला शेतकरी, विणकर, वडीलधारा माणूस बँकेचा कागद वाचून घेण्यासाठी पोराच्या तोंडाकडे बघू लागला. ज्या माणसाच्या शब्दावर घर चालत होते, त्याचा शब्द घरातच उरला नाही.

याचे एक उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. मी सांभाळते त्या इथल्या घरातला एक पंधरा वर्षांचा मुलगा वर्गात गप्प असे, शिक्षकांकडे बघत नसे, विचारलेले पुन्हा पुन्हा विचारायला लावी. त्याच्या आईला बोलावले. तिला अम्हारिक या इथिओपियातल्या भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून मुलगाच दुभाषी झाला. शिक्षिका दहा मिनिटे तक्रार करत होत्या. मुलाने दोन वाक्यांत काहीतरी सांगितले. आई उठली, तिने शिक्षिकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि वाकून त्यांचे आभार मानले. मुलाने काय सांगितले असेल ते खोलीतल्या प्रत्येकाला कळले आणि कोणीच काही बोलले नाही.

पुढच्या खेपेला आम्ही 'मेगाशेर' बोलावले. त्यांच्याच समाजातले, दोन्ही भाषा आणि दोन्ही रीती जाणणारे मध्यस्थ असतात, त्यांना असे म्हणतात. त्यांनी पहिल्याप्रथम शिक्षिकांना सांगितले की वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा या मुलांच्या घरचा संस्कार आहे, त्यात दुर्लक्ष नाही. मग त्यांनी तक्रारींची यादी बाजूला ठेवायला लावली आणि आईला विचारले, "तुमच्या मुलाविषयी आम्हाला काय माहीत असायला हवे?" ती बराच वेळ बोलली. बोलता बोलता तिने सहज सांगितले की लहानपणी कान फुटल्यापासून याला उजव्या कानाने फारसे ऐकू येत नाही. वर्गात त्याची जागा डाव्या भिंतीलगत होती. शिकवणारी सगळी बाजू त्याच्या उजवीकडे. दोन वर्षे आमच्यातल्या कोणीही त्या बाईंना एक प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून माझे मत असे झाले आहे की अशा ठिकाणाची पारख त्याच्या इमारतींवरून किंवा निकालावरून करू नये. मुलाच्या आई-वडिलांना तिथे कुठे बसवतात आणि शाळा संपल्यावर मुलाला तिथे परत येता येते का, हे आधी पाहावे. कार्मेल डोंगरावर १९५३ मध्ये सुरू झालेल्या 'येमिन ओर्द' या युवाग्रामात तिथले प्रमुख खाइम पेरी यांनी अनेक वर्षे नेमका हाच आग्रह धरला. मूल आपला भूतकाळ सोबत घेऊन येते आणि त्याचा मान राखला तरच ते पुढचा विचार करू लागते, असे ते मानत, आणि मोठी होऊन गेलेली मुले सैन्यातून रजेवर किंवा अडचणीच्या दिवसांत तिथे हक्काने परततात. त्याच गावाचा आदर्श समोर ठेवून अॅन हेमन नावाच्या बाईंनी रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी 'आगाहोझो-शालोम' उभारले. २००८ मध्ये तिथे पहिली मुले आली, आणि येमिन ओर्दमध्ये वाढलेली काही इथिओपियन-इस्राएली मुले सुरुवातीला मदतीला गेली होती. आगाहोझो म्हणजे जिथे अश्रू पुसले जातात ती जागा. तिथल्या प्रत्येक घराला एक 'मामा' असते, आणि त्या बायकांपैकी अनेकींनी त्या संहारात स्वतःची माणसे गमावलेली होती. पूर्वी ज्यांना कोणी हात दिला, तीच मुले दुसऱ्या खंडात जाऊन कुणाला तरी हात देतात, हे वाचताना माझा ऊर भरून येतो.

आता दुसरे उत्तर. बाबा, आपल्याकडे पुढची शाळा नव्हती आणि तुम्ही मला पाठवलेत, ते योग्यच केलेत. मी आज जी कोणी आहे ती त्यामुळे आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चूक होती ती तिथल्या रीतीत. तुम्ही दोघे महिन्यातून एकदा इतका प्रवास करून येत होता आणि तुम्हाला फाटकाजवळच्या बाकावर अर्धा तास बसवून परत पाठवत. आईने माझी खाट कधी पाहिली नाही. माझी तब्येत कशी आहे, मला अंधाराची भीती वाटते का, हे तुम्हाला कोणी विचारले नाही. आणि एक गोष्ट मी इतकी वर्षे सांगितली नव्हती, ती आता सांगते. आमची पत्रे टाकण्यापूर्वी वाचली जात. पहिल्या महिन्यात मी रडत असते असे लिहिले होते, ते पत्र फाडून मला पुन्हा लिहायला बसवले. त्यानंतर दर आठवड्याला "मी मजेत आहे, काळजी नसावी" हे मी पाठ केल्यासारखे लिहीत गेले. तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात यात तुमचा दोष नाही. लेकीच्या हातचे अक्षर होते, विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचे!

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, आणि ते वाटावे म्हणून मी लिहिलेले नाही. माझ्या घरातली मुले रात्री आईला फोन करतात तेव्हा मी स्वयंपाकघराचे दार ओढून घेते, ते कशासाठी, एवढेच तुम्हाला कळावे. ज्याची आई अम्हारिक बोलते तो अम्हारिकमध्ये रडतो, आणि मला त्यातले काही कळण्याची गरज नसते. कान न ऐकणारा तो मुलगा आता उजव्या भिंतीलगत पहिल्या बाकावर बसतो, आणि त्याची आई येते तेव्हा थेट त्याच्या खोलीत जाऊन चादर नीट आहे की नाही ते बघते. पहिल्यांदा तिने चादर काढून पुन्हा घातली, तेव्हा मला आईची फार आठवण झाली.

माझी ती जुनी पोस्टकार्डे बाबांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत, असे आई म्हणाली होती. ती टाकू नका. हनुक्कानंतर मला तीन आठवड्यांची रजा मिळते, तेव्हा मी येणार आहे. एकेक कार्ड काढून वाचू, आणि त्या त्या आठवड्यात खरे काय झाले होते ते मी तुम्हाला सांगेन.

तुमची लेक