चिऊसाठी सॉसेज ग्रेव्हीची रेसिपी

प्रिय चिऊ,

परवा तू फोनवर विचारलंस की बाबा तू शनिवारी सकाळी करायचास ती बिस्किटांवर ओतायची सॉसेज आणि दुधाची ग्रेव्ही कशी करायची. फोनवर सांगितलं असतं पण तू बसमध्ये होतीस, आणि ही गोष्ट घाईत ऐकायची नाहीये म्हणून नीट लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो म्हणजे बाकीचं विसरलीस तरी चालेल: ग्रेव्ही अजून थोडी पातळच आहे असं वाटत असतानाच ती शेगडीवरून उतरवायची. ताटात येईपर्यंत ती आपोआप दाट होते. शेगडीवरच हवी तेवढी दाट केलीस तर खाताना लापशी झालेली असते, आणि इथे टेनेसीत, नॉक्सव्हिलला बऱ्याच हॉटेलांत तीच लापशी मिळते, म्हणून तर आपण घरी करायचो.

सॉसेज कुठलं घ्यायचं ते आधी. तुमच्या मिनियापोलिसच्या दुकानात तुला प्लास्टिकच्या नळकांड्यात भरलेलं कच्चं ब्रेकफास्ट सॉसेज, म्हणजे डुकराचा मसालेदार खिमा मिळेल, एक पौंडाचं म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचं. त्यात सेज (तो सुगंधी पाला) लिहिलेलं असेल ते घे, सेज आणि मिरी हीच या पदार्थाची चव आहे. तिखट हवं असेल तर हॉट वालं घे. मेपल वालं नको, गोड लागतं. इटालियन पण नको, त्यात बडीशेप असते आणि मग ती भलतीच चव होते. तुझ्या मैत्रिणीने आणलेलं गोव्याचं सॉसेज फ्रीजमध्ये पडलंय म्हणालीस ना, ते मला जीव की प्राण आहे पण ते यात घालू नकोस, त्यात व्हिनेगर असतं, दूध फाटेल. ते पावाबरोबर कांदा घालूनच खा.

आता कृती. मी दिलेला बिडाचा पॅन काढ (तो चकचकीत नवा नॉनस्टिक नको, तळाशी जे खरपूस चिकटतं तीच तर निम्मी चव). पॅन मध्यम आचेवर तापला की सॉसेज टाक आणि लाकडी उलथन्याने फोडत राहा. फार बारीक भुगा करू नकोस, करवंदाएवढे तुकडे राहू देत, ग्रेव्हीत दाताखाली काहीतरी आलं पाहिजे. आणि टाकल्या टाकल्या ढवळत सुटू नकोस, एका बाजूने चांगलं तांबूस होऊ दे, मग हलव. आठ-दहा मिनिटं लागतात, आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर आहे ना तुझ्याकडे, खिम्याच्या डुकराच्या मांसाला १६० डिग्री फॅरनहाइट लागतं, म्हणजे ७१ सेल्सिअस.

आता पॅनमध्ये चरबी सुटलेली असेल आणि तुझा हात ती ओतून टाकायला जाईल, कारण तुम्हा पोरांना चरबी दिसली की भीती वाटते. ओतायची नाही अजिबात! साधारण तीन मोठे चमचे चरबी हवी, कमी वाटली तर थोडं बटर घाल, खूपच जास्त असेल तरच वरची थोडी काढ. मैदा त्या चरबीतच भाजला जातो. चरबी नसेल तर मैदा दुधात कोरडाच जातो आणि त्याच्या गुठळ्या होतात.

पाव कप मैदा सॉसेजवरच भुरभुरायचा आणि सतत परतायचं, दीड-दोन मिनिटं. आई बेसनाच्या लाडवाला बेसन भाजते ना, तसा वासावर लक्ष ठेवायचं, फक्त रंग तेवढा येऊ द्यायचा नाही, कच्च्या पिठाचा वास गेला आणि किंचित बिस्किटासारखा वास आला की बास. मैदा जास्त भाजला की त्याची दाट करायची ताकद कमी होते, शिवाय पांढरी ग्रेव्ही तपकिरी होते. कमी भाजला तर खाताना जिभेला कच्चट लागतं आणि मग वरून कितीही मिरी घाल, ते जात नाही.

मग दूध. तीन कप, फुल फॅटचंच. फ्रीजमधलं थंड घातलं तरी चालतं पण एकदम ओतायचं नाही. आधी अर्धा कप घालून भराभर ढवळ, तो घट्ट गोळा होईल, घाबरू नकोस, तसाच झाला पाहिजे. मग आणखी अर्धा कप, तो सैल झाला की उरलेलं हळूहळू धारेने. ढवळताना उलथनं तळाला घासून फिरव म्हणजे खाली चिकटलेलं सगळं सुटून दुधात येतं आणि दुधाला तो बदामी रंग येतो. मग आच थोडी कमी कर आणि एक उकळी येऊ दे, कारण मैद्यातला स्टार्च उकळीच्या जवळ गेल्याशिवाय पुरता फुलत नाही. पुष्कळ जण ग्रेव्ही पातळ दिसते म्हणून उकळी येण्याआधीच आणखी मैदा टाकतात आणि तिथेच घोळ होतो. धीर धर. बुडबुडे यायला लागले की तीन-चार मिनिटांत चमच्याच्या पाठीवर ग्रेव्हीचा थर बसतो, त्यावर बोट ओढलंस तर रेघ तशीच राहते. तिथे थांबायचं. ढवळणं मात्र एक मिनिट पण सोडू नकोस, दूध तळाला लागलं की तो वास सगळ्या पॅनला येतो.

मिरी शेवटी घालायची, आणि भरपूर, एक चमचा तरी, जाडसर कुटलेली. आजी सावंतवाडीहून पाठवते ती घाल, त्या सुपारीच्या बागेतल्या वेलावरच्या मिरीपुढे दुकानातली डबीतली पूड म्हणजे नुसती धूळ वाटते मला. मीठ चाखूनच, सॉसेज आधीच खारट असतं, बरेचदा लागतच नाही.

हा सगळा खटाटोप शिकवला आपल्या जुन्या शेजारच्या आजींनी, तुला आठवतात का त्या, निळ्या दाराच्या घरातल्या, त्यांच्या घरी कॉफी आणि ही ग्रेव्ही कायम असायची. त्यांचे वडील लाकूडतोडीच्या कॅम्पात कामाला होते. स्मोकी डोंगराच्या पायथ्याला टाउनसेंडला आपण नदीत ट्यूबवर बसून तरंगायला जायचो ना, तिथे ते जुनं वाफेचं इंजिन उभं असतं म्युझियमच्या बाहेर, ते त्याच कंपनीचं, लिटल रिव्हर लंबर कंपनी, १९०१ पासून जवळजवळ चाळीस वर्षं तिने स्मोकी डोंगरातली झाडं तोडली, मधेच १९३४ ला तिथे नॅशनल पार्क झालं तरी तिचं काम आणखी काही वर्षं चाललं. त्या कॅम्पांत दिवसभर करवत ओढणाऱ्या माणसांना पहाटे पोटभर आणि स्वस्त काहीतरी द्यावं लागायचं. या डोंगरातल्या घरात थंडी पडली की डुक्कर कापायचे, त्याची चरबी साठवायचे, दूध घरचं, पीठ घरात. त्यातूनच हा पदार्थ, म्हणूनच चरबी टाकून देणं मला बघवत नाही. त्या आजी तर सॉसेज नसेल तेव्हा नुसत्या बेकनच्या चरबीत करायच्या आणि तीही इतकी छान व्हायची.

ग्रेव्ही ज्यांच्यावर ओतायची त्या बिस्किटांचं थोडक्यात सांगतो, चहाबरोबरची कडक नव्हेत, ही पावासारखी मऊ, फुगलेली इथली बिस्किटं. दोन कप सेल्फ रायझिंग पीठ (बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेला मैदा), पाव कप अगदी थंड बटर बोटांनी चुरून, पाऊण कप बटरमिल्क, जेमतेम एकत्र करायचं, मळायचं नाही. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हे जड जातं पण मळलंस की दगड झालाच म्हणून समज. कापताना वाटी सरळ खाली दाबायची, फिरवायची नाही, नाहीतर कडा बंद होतात आणि ती फुगत नाहीत. ४७५ फॅरनहाइटला बारा मिनिटं. पीठ व्हाइट लिलीचं घ्यायचं, ते हलक्या हिवाळी गव्हाचं असतं, प्रोटीन कमी, त्यामुळे मऊ होतात. ही कंपनी १८८३ ला आपल्या नॉक्सव्हिललाच सुरू झाली, २००८ ला इथली गिरणी बंद झाली, आता दुसरीकडे दळतात. काही लोक म्हणतात चव बदलली, मला तरी अजून तितकंच आवडतं. तुमच्याकडे ते मिळणं कठीण, म्हणून पाच पौंडाची एक पिशवी पार्सलने पाठवतोय, हवाबंद डब्यात ठेव. वेळ नसेल तेव्हा फ्रोजन बिस्किटं आण, त्यात काही कमीपणा नाही. पण पाकिटातली ग्रेव्ही पावडर आणू नकोस, प्लीज, ती नुसती खारट पेज असते.

तुझी पुण्याची रूममेट पोर्क खात नाही, तिला उपाशी ठेवू नकोस, आईसाठी करतो तशी तिच्यासाठी वेगळ्या पॅनमध्ये मशरूमची कर. पाव किलो मशरूम मोठे चिरून मोठ्या आचेवर सगळं पाणी आटून तांबूस होईपर्यंत परतायचे, मग तीन चमचे बटर, वाळलेलं सेज, चिमूटभर लाल मिरचीचे फ्लेक्स, आणि पुढे मैदा दूध सगळं तसंच. पाणी नीट आटवलं नाही तर ग्रेव्ही राखाडी होते. आई म्हणते सॉसेजपेक्षा हीच चांगली लागते, मी वाद घालत नाही.

उरली तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस टिकते. फ्रीजमध्ये तिची वडी झालेली दिसेल, तो मैद्याचा गुण आहे, खराब झाली असं समजून टाकून देऊ नकोस. थोडं दूध घालून मंद आचेवर गरम केली की परत सैल होते. मायक्रोवेव्हमध्ये करायचीच असेल तर मधे मधे ढवळ.

आणि उन्हाळ्यात करणार असशील तर बाजूला पिकलेल्या टोमॅटोच्या जाड चकत्या घे, नुसतं मीठ टाकून. एवढ्या दुधातुपाच्या जडपणात तो आंबटपणा फार बरा वाटतो. तुझ्याकडे आत्ता बर्फ आहे तर लोणच्यातली एखादी कैरीची फोड घे, मी घेतो.

रविवारी करणार म्हणालीस ना, तर व्हिडिओ कॉल मैदा घालायच्या आधी लाव, दूध घालायला लागलीस की हात मोकळा राहणार नाही. आम्ही दोघं नऊपासून घरीच आहोत.

तुझा,
बाबा