लोटे औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून पीएचडीला जाताना

ती. आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर धड बोलणं झालंच नाही. बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिलात आणि आईने जेवलीस का म्हणून विचारलं. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. दोघं एकत्र बसून वाचा.

बंगळुरूची जागा मी घेतली आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं. पैशांचं आधी सांगते, कारण ती काळजी तुम्ही बोलून दाखवणार नाही. मला जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, आहे, त्यामुळे पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं ४२,०००, आणि घरभाडं वेगळं. लोट्याच्या पगारापेक्षा थोडं कमी, पण भागेल. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मीच भरत राहणार, त्यात बदल नाही.

आता खरा प्रश्न. बाबा, क्यूसीची, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायची, कायम नोकरी सोडून सापाचं शिकायला पाच वर्षं कशाला, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ऐकू आलं.

वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, आपल्या गड्याला, कांछाला, फुरसं चावलं ती संध्याकाळ आठवा. गडग्याच्या कडेचा पातेरा ओढत होता. वीत-दीड वीत लांबीचं जनावर, बोटाला डसून पुन्हा चिऱ्यांच्या फटीत गेलं. तुम्ही त्याला स्कूटरवर मध्ये बसवून नेलंत, दादा मागे धरून. जवळच्या ठिकाणी एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, शिल्लक नव्हतं म्हणून पुढे रत्नागिरी गाठावी लागली. मी थेट तिथे पोचले. डॉक्टरांनी दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि वीस मिनिटं कुणी हात लावू नका म्हणाले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. वीस मिनिटांनी त्यांनी नळी तिरकी केली. एरवी एव्हाना रक्त दह्यासारखं लागलेलं असतं. कांछाचं रक्त सरळ काठापर्यंत वाहत आलं. त्याच्या हिरड्यांतूनही रक्त यायला लागलं होतं. एएसव्हीच्या दहा कुप्या सलाइनमधून दिल्या, सहा तासांनी पुन्हा नळी लावली, तेव्हा कुठे रक्त गोठलं. माणूस वाचला, बोट मात्र कायमचं आखडलं.

त्या नळीत काय झालं होतं ते पुढे मी वाचून काढलं. फुरशाच्या विषात काही विकरं (एन्झाइम) असतात, त्यांना काम करायला जस्त लागतं. त्यातलं एक रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना भलत्याच वेळी कामाला लावतं. शरीरातला तो साठा बारीकसारीक गुठळ्यांमध्ये संपून जातो आणि मग खरंच गोठायची वेळ येते तेव्हा काही उरत नाही. एएसव्ही हे थांबवतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते बनवतात. पण घोड्याचं प्रथिन असल्यामुळे अंगावर रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दवाखान्यातच द्यावं लागतं. आणि आपल्याकडे दवाखाना खाली, माणूस सड्यावर. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने जातात. बहुतेक सगळी खेड्यातली, आणि त्यातली पुष्कळशी दवाखाना न गाठता घरीच.

माझं काम या मधल्या वेळावर आहे. पारा किंवा शिसं अंगात भिनलं तर द्यायचं डीएमपीएस नावाचं एक जुनं औषध आहे, ते तोंडाने घेता येतं. ते धातू पकडून ठेवतं, म्हणजे विषातल्या विकरांचं जस्तही काढून घेतं. पश्चिम आफ्रिकेतल्या फुरशाच्या विषावर हे उंदरांमध्ये करून पाहिलं गेलं. आधी तोंडाने औषध आणि मागाहून एएसव्ही, असं दिल्यावर उंदीर जगले. केनियात निरोगी स्वयंसेवकांना देऊन ते सोसतं का, हेही तपासून झालं आहे. पण ते फुरसं वेगळ्या जातीचं. आपल्या कातळावरच्या फुरशाच्या विषाला हे औषध किती आवरतं, ते मला बघायचं आहे. आधी नळीत, मग माणसाच्या काढून घेतलेल्या रक्तात, आणि परवानगी मिळाली की उंदरांत.

पाच वर्षांत गोळी निघून बाजारात येईल असं मी सांगणार नाही. पुढे माणसांवरच्या चाचण्या, औषध महानियंत्रकांची परवानगी, गोळी उन्हात किती टिकते, तिची किंमत काय पडते, आशाताईंच्या पिशवीत ती ठेवता येईल का, असा लांबचा रस्ता आहे. प्रयोगशाळेत लागलेले पुष्कळ शोध याच रस्त्यात अडकून पडतात, कारण प्रयोगशाळेतला माणूस वॉर्डात जात नाही आणि वॉर्डातल्या डॉक्टरला मान वर करायला फुरसत नसते. मी जिथे चालले आहे तिथे नेमकं हेच शिकवतात. प्रयोगांबरोबर वॉर्डात उभं राहायचं, रुग्णाची संमती कशी घ्यायची ते शिकायचं, संख्याशास्त्र शिकायचं, एथिक्स कमिटीपुढे उत्तरं द्यायची. मला यातलं वॉर्डाचं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हे आपल्या कोकणात एकदा झालेलं आहे, बाबा. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिम्मतराव बावसकर १९७६ मध्ये आले, तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट पोरं दगावत होती. घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी भरायचं. डॉक्टर रुग्णांच्या उशाशी बसून रात्र रात्र एकेक लक्षण लिहून ठेवत. त्यातून त्यांनी ओळखलं की रक्तदाबाची साधी प्राझोसिनची गोळी इथे उपयोगी पडेल. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीसपर्यंत जात, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. गोळी आधीपासून होतीच. ती विंचवाच्या विषाशी जोडणारा माणूस खाटेशेजारी बसला होता. हे वाचलं त्या दिवशी माझं ठरलं.

आई, तुझ्यासाठी. मी साप पकडणार नाही. विष काढण्याचं काम वनखात्याच्या परवानगीने, त्यातलीच मुरलेली माणसं करतात. माझ्यापर्यंत येते ती कुपीतली पिवळसर कोरडी पूड, तीही मिलिग्रॅममध्ये मोजायची, हातमोजे आणि चष्मा घालून. आणि मला त्या जनावराची चीडही येत नाही. हृदयविकारात देतात ते टायरोफिबान नावाचं औषध फुरशाच्याच विषातल्या एका प्रथिनावरून घडवलेलं आहे. लग्नाचं मावशीने काढलं तर सांग, मी नाही म्हटलेलं नाही. पाच वर्षं थांबा असंही म्हणत नाही. फक्त माझं काम समजून घेणारा असू दे.

बाबा, तुमचे गुडघे दुखतात आणि हंगामात मी नसेन, याचं मला वाईट वाटतं. ते लपवत नाही. एप्रिलमध्ये आठवडाभर येता येईल का, ते गाइडना विचारलं आहे, ते हो म्हणाले आहेत. पण फवारणीला या वर्षी माणूस लावाच. पैसे मी पाठवते.

दोन कामं तुमच्याकडे. गड्यांसाठी गमबूट घ्या आणि संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय कुणाला सड्यावर जाऊ देऊ नका. कुणाला डसलंच तर घट्ट दोरी बांधायची नाही, जखम कापायची नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. हात किंवा पाय हलू न देता सरळ रत्नागिरी.

दुसरं काम माझ्या अभ्यासाचं. तुमच्या फवारणीच्या वहीची शेवटची चार पानं मला द्या. आजूबाजूच्या बागांत कुणाला फुरसं डसलं की तारीख, डसल्याची वेळ, कुठली बाग, दवाखान्यात किती वाजता पोचला, एवढं लिहून ठेवा. नावं नकोत. तुमच्याइतकं नेमकं हे दुसरं कुणी लिहिणार नाही. शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा मी असेनच, तेव्हा बसून बघू. त्याआधी काही नोंद झाली, तर दादाला पानाचा फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमची लेक