खुर्दाद सावकार

बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, पप्पा रात्री बाराला ऑनलाइन कसे काय दिसायलेत, तब्येत बरी हाय ना. तब्येत ठणठणीत हाय. तूच नाही का दिवाळीत मला त्या मोडीच्या ग्रुपात घालून दिलंस आणि पुण्याला निघून गेलास, आता भोग.

माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी आठवते का, तू जिला भंगारात द्या म्हणलास ती. त्यातला एक कागद काढून मी भिंग घेऊन बसलो. मोडी मी लहानपणी आजोबांकडं थोडी गिरवली होती, पण वाचायचं म्हणजे डोक्याला ताप, आधी सगळी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायची, हात उचलायचाच नाही, शब्द कुठं तुटतो कळत नाही, आणि ऱ्हस्व दीर्घाचा तर पत्ताच नाही. दोन रात्री घालवून मला एवढंच लागलं की जमीन गहाण पडली आणि 'खुर्दाद' नावाचा कुणीतरी त्यात हाय. मी तुझ्या आईला सांगून मोकळा झालो, आपलं रान या खुर्दाद सावकारानं गिळलं. तिनं त्याला दोन शिव्या पण हासडल्या.

मग फोटो ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात परभणीच्या एका रिटायर उर्दूच्या मास्तरांचा मेसेज, साहेब खुर्दाद माणूस नाही, महिना हाय! निजामाच्या राज्यात फसली साल, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं साल, चालायचं ना, त्याचे महिने आजूर, दै, बहमन, पुढं खुर्दाद, तीर असे. कागदावर 1348 होतं, म्हणजे आपल्या हिशोबानं 1939 चा एप्रिल. एवढा हसला ग्रुप, अजून मला खुर्दादराव म्हणतेत.

पण मजा बघ, मोडी वाचणारा माणूस आपल्या गल्लीत एक नाही, तालुक्यात असंल तर मला माहीत नाही, आणि इथं कोल्हापूरचा हाय, बडोद्याचा हाय, तंजावरचा एक पोरगा हाय, तिकडं भोसल्यांच्या दप्तरात मोडीचे ढीग पडलेत म्हणे. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा सगळ्यांना मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची आठवण झाली, पण हे लोक त्याच्या आधीपासून निव्वळ हौसेनं एकमेकाचे कागद लावायलेत. पैशाचा विषय नाही. गुड मॉर्निंग टाकलं की अॅडमिन बाई सरळ काढून टाकतेत, लई कडक. मास्तरांचं आणि माझं आता रोज बोलणं होतं, ते मोडी शिकायलेत आणि मी उर्दू. अलिफ बे पर्यंत आलो, हसू नको.

तू रोज फोन करतोस ते बरं वाटतं, पण ऑफिसातून दमून आलास तर राहू दे एखादा दिवस. त्यापेक्षा येताना पुण्याहून चांगलं मोठं भिंग आण, लाइटवालं मिळालं तर बघ, आणि पेटीला हात लावायचा नाही.

कालच दुसरा कागद उघडला, त्यात 'तीर' असं स्पष्ट दिसायलंय. तुझी आई म्हणते कुणाला तरी बाण लागला असंल. मी तिला अजून काही बोललो नाही.

तुझा,
पप्पा