मुलांच्या हातात गाइड नको, कोरा कागद द्या

महोदय,
दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. कथालेखन, प्रसंगलेखन, आत्मकथन हे सगळे मुलांनी स्वतःच्या डोक्याने लिहावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात गाइडमधली ‘फाटक्या पुस्तकाची कैफियत’ पाठ होते. वर्गातल्या चाळीस वह्यांत तेच पुस्तक, त्याच पानावर फाटलेले!

निवृत्तीनंतर मी दर शनिवारी नववीच्या दहा-बारा मुलांना लिहायला बसवतो. मुली लिहित्या होतात, मुलगे मात्र ‘सर, काय लिहू?’ म्हणत पेन चावत बसतात. मनातले कागदावर उतरवणे म्हणजे मित्रांसमोर हसे करून घेणे, अशी त्यांची समजूत. म्हणून मी विषय देणेच बंद केले. ‘काल हाताने काय केलेस, तेवढेच लिही,’ एवढेच सांगतो. एरवी चार ओळींत आटोपणाऱ्या एकाने वडिलांच्या टेम्पोचे पंक्चर काढताना पान्हा निसटून बोट कसे सोलवटले, हे दीड पान लिहिले. ‘बाबा काही बोलले नाहीत, फक्त हळद आणली,’ हे त्याचे शेवटचे वाक्य. शुद्धलेखनाच्या चुका सतरा होत्या. त्या दिवशी मी लाल पेन खिशातच ठेवले.

मंडळाने अशा उत्तराला गाइडी उत्तरापेक्षा जास्त गुण द्यावेत आणि तशी स्पष्ट सूचना परीक्षकांना द्यावी.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा