गोठ्याची कॉटेज: आधी पाणी, मग पलंग

डेव्हन, इंग्लंड
कोजागिरी पौर्णिमा

ती. नाना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बापूने मळ्यातल्या जुन्या गोठ्याचे फोटो पाठवले. तिथे जोडप्यांसाठी एकच कॉटेज करायची, हा त्याचा बेत मला मनापासून आवडला. पण फोटोत भिंतीशी सिमेंटच्या गोण्या रचलेल्या दिसल्या, म्हणून घाईने लिहितोय. त्या गोण्या विहिरीच्या कठड्याला वापरा, गोठ्याच्या मातीच्या भिंतीला लावू नका.

डेव्हनमधले जुने गोठे आपल्यासारखेच मातीचे. खाली दगडाचं जोतं, वर चिकणमाती आणि पेंढा तुडवून थरावर थर चढवलेला. याला इथे ‘कॉब’ म्हणतात. भिंत दोन फूट जाड असते. खाली गुरं, माडीवर वैरण, पुढची बाजू सताड उघडी, अशा कितीतरी गोठ्यांच्या आता सुटीच्या कॉटेज झाल्यात. जुने लोक सांगतात, कॉबला डोक्यावर टोपी आणि पायात जोडे चांगले हवेत. म्हणजे छप्पर भिंतीच्या पुढे आलेलं आणि जोतं कोरडं. मातीच्या भिंतीत थोडी ओल येतेच, आणि वाऱ्याने निघूनही जाते. सिमेंटचा गिलावा केला की ती कोंडते. गिलाव्याला बारीक चीर पडते, तिथून पावसाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं. वरून भिंत टणक, आत चिखल. इथे अशा भिंती बसल्या आहेत, आणि बसेपर्यंत कुणाला पत्ता लागलेला नसतो.

म्हणून गिलावा चुन्याचाच करा. एक माप चुना, अडीच ते तीन मापं चाळलेली खरबरीत वाळू. भिंत झाडून, पाणी शिंपडून, पातळ थर द्या. एकदम जाड थर दिला तर तडकतो. चुना सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओलावा लागतो. इथे भीती थंडीची, पारा ५ अंशांखाली गेला की काम बंद. आपल्याकडे भीती उन्हाची. चैत्र-वैशाखात लावलेला गिलावा बघता बघता वाळेल आणि हात फिरवला की भुगा पडेल. दिवाळीनंतर काम काढा, भिंतीपुढे ओली गोणपाटं टांगा आणि आठवडाभर ती वाळू देऊ नका. सालदाराला हे एकच काम नेमून द्या.

गोठ्याच्या भिंतीला आणखी एक दुखणं असतं, ते म्हणजे लोणा. वर्षानुवर्षं मूत मुरून त्याचे क्षार खालच्या तीन-चार फुटांत साठलेले असतात. ते पावसाळी हवेतली ओल ओढून घेतात. छप्पर गळत नाही, नळ गळत नाही, तरी भिंत घामेजते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. लोक पाइप फुटला समजून नवी फरशी उखडतात. आधी आतली मुरलेली जमीन खरवडून उकिरड्यावर टाका, मात्र पायाच्या खाली खणू नका. खालच्या पट्ट्याला चुन्याचा पहिला थर द्यायचा तोच मुळी पुढे काढून टाकण्यासाठी. क्षार त्यात उतरतात, तो फुगतो. मग खरवडून नवा द्यायचा. ऑइलपेंट आणि वॉटरप्रूफ रंग यांना तिथे थारा नको.

मातीचं सपाट धाबं पाडून वर स्लॅब टाकू नका, नाना. स्लॅब दिवसभर तापून रात्रभर आत धग सोडेल. धाब्याखालच्या लाकडी कड्या-सऱ्यांना वाळवी आहे का ते ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तेवढ्याच बदला. मिरगाआधी खारी माती टाकून वरून दीड-दोन फूट मोकळी जागा सोडून पत्रे घाला. मधून वारा खेळला की धाबं तापत नाही आणि भिजतही नाही.

आता सांडपाणी. इथे सेप्टिक टाकीचं पाणी जमिनीत मुरवण्याआधी जमिनीची परीक्षा घेतात. जिथे पाइप संपणार त्या पातळीच्या खाली आणखी ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा चौकोनी खड्डा घ्या. तो पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पाणी तळापासून २२.५ सेंटिमीटरवरून ७.५ सेंटिमीटरवर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. निदान दोन खड्डे, प्रत्येकी तीन वेळा, मग सरासरी. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर घाण न गाळता खाली जाईल. चार तास दहा मिनिटांहून जास्त लागले तर पाणी तुंबेल आणि वास कॉटेजमध्ये येईल. काळ्या मातीत उन्हाळ्यात हे मोजूच नका. भेगांतून पाणी झटकन जातं आणि जमीन चांगली वाटते. पावसात तीच माती फुगून थेंब घेत नाही. टाकीतून निघालेलं पाणी विहिरीपासून ५० मीटर आणि घरापासून १५ मीटर लांब मुरवायचं, असा इथला नियम आहे. तेवढं अंतर आपणही ठेवूया. अंघोळीचं पाणी वेगळं काढून केळीला द्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत बसवू नका. इथे लाकडाची शेगडी असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावतात, कारण त्या वायूला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममध्ये धोका तोच. सोलर लावा.

जोडप्याला लागतो निवांतपणा. दार आणि ओटा सातपुड्याकडे करा, खळ्याकडे पाठ. पंपाची मोटर रात्री चालते, तिचा आवाज उशाशी येणार नाही असं पाहा. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून वीज घेऊ नका, मीटर वेगळा हवा. पलंग साडेसहा बाय सहा फुटांचा, वर मच्छरदाणी. चादरींचे तीन जोड: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. इथे पाहुणे सकाळी १०ला निघतात आणि नवे दुपारी ४ला येतात. त्या सहा तासांत आधी खिडक्या उघडायच्या, गादी उभी करायची, न्हाणीघरात साबण लावून ठेवायचा, मग वरून खाली झाडत यायचं, फरशी शेवटी. न्हाणीच्या जाळीतले केस दर वेळी काढायचे. तक्रारी येतात त्या यावरूनच.

जेवणाचं वहिनी जाणतात. इथे अंडी, पाव, लोण्याची टोपली दाराशी ठेवतात, दार वाजवत नाहीत. तसाच डबा ओट्यावर ठेवा: पऱ्हाटीवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. हे जेवण थंडीतलं, म्हणून हंगाम दिवाळी ते शिवरात्र धरा. एप्रिल-मेमध्ये बंदच ठेवा, ते दिवस डागडुजीचे. शासनाचं कृषी पर्यटन धोरण २०२०चं आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, बापूला चौकशी करायला सांगा.

पाऊस नुकताच सरलाय, माती अजून फुगलेली आहे. खड्ड्याची परीक्षा याच आठवड्यात घ्या आणि सगळ्या वेळा मला कळवा. टाकी कुठे घ्यायची ते त्यावरून ठरवू, तोवर गवंड्याला थांबवा.

आईला साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, बापूला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा